चिंचोक्याएवढी ढलपी

रविवार, रात्रीचे पावणेबारा

हाताला अजून ॲसिडचा वास येतोय. तीनदा साबण लावला, एकदा लिंबू चोळलं. योगिताने सांगून ठेवलंय, गादीवर यायच्या आधी पुन्हा धू. ती झोपलीसुद्धा. मी मात्र मला बंदूक घडवायला शिकवणाऱ्या मास्तरचं एक वाक्य घेऊन बसलोय.

वाक्य वाईट असतं तर काही नव्हतं, त्याच्या बोलण्याची मला सवय आहे. पण काल त्याने कौतुक केलं. रंग चढवायच्या आधी शेवटची दाखवावी म्हणून मी घडवतोय ती जुन्या धाटणीची बंदूक घेऊन गेलो होतो. त्याने ती खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लॉकच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या, शेपटीमागून मनगटावर हळूच अंगठा फिरवला. मनगट म्हणजे दस्ता, बंदुकीचं लाकडी अंग, जिथे बारीक होतो, मूठ बसते, ती जागा. लांब बंदूक मोडते ती बहुतेक तिथेच. म्हणाला, "इथे रेषा बघ कशी वळणाबरोबर वाहत गेलीये. लाकूड चांगलं निवडलंस."

मी म्हटलं, "थँक यू."

त्याचा अंगठा त्या वेळी माझ्या ठिगळावर होता.

फेब्रुवारीतली गोष्ट. लॉकची खोबण कोरत होतो. हे काम मला फार आवडायचं, कारण त्यात अक्कल कमी आणि चिकाटी जास्त लागते. लॉकच्या पत्र्याला काजळ लावायचं, पत्रा लाकडावर टेकवायचा, उचलायचा, जिथे काळा ठिपका उठला तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळ, पुन्हा टेकव. एका लॉकला असं दोनशे वेळा तरी होत असेल. यासाठी काळ्या रंगाची डबी विकत मिळते, पण मी निरांजनावर वाटी उपडी धरून काजळ धरतो, थोडं तूप घालतो. आई धरायची तसं. मास्तरला त्या वाटीचं भारी अप्रूप.

तर शेपटीकडची शेवटची कड राहिली होती. हे लाकूड म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं मेपल, इथे अमेरिकेत टायगर मेपल म्हणतात. त्याची रेषा सरळ जात नाही, लाटेसारखी वरखाली होते. म्हणूनच ते वाघासारखं दिसतं आणि म्हणूनच पटाशीला दगा देतं. एका पट्ट्यात लोण्यासारखं कापलं जातं, पुढच्याच पट्ट्यात धार खाली घुसते. मला माहीत होतं. रात्री साडेदहाला पटाशीला धार लावायचा कंटाळा केला, एवढंच. टक् असा आवाज झाला आणि चिंचोक्याएवढी ढलपी उडाली.

मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर बसून तासभर शोधली. तळघरात अडीच वर्षांचा भुसा. ती मिळाली असती तर जागच्या जागी चिकटवून टाकली असती, केसाएवढीही खूण राहिली नसती. नाही मिळाली. मग त्याच फळीचा टेबलाखाली ठेवलेला तुकडा काढला, पट्टे जुळवत जुळवत इवलंसं ठिगळ कापलं, सरस लावला, सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली आणि दोन रात्री तसंच ठेवलं. स्क्रेपर मारल्यावर मलाच ते शोधावं लागायला लागलं. त्या दिवशी मी इतका खूश होतो की ऑफिसातल्या त्या मीटिंगचंसुद्धा काही वाटलं नाही.

आणि काल, "थँक यू."

का नाही बोललो? त्याने विचारलं नव्हतं, हे खरं. पण विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, ही भाषा वकिलाची. अण्णांनी जमिनीच्या वेळी काकांना नेमकं हेच... जाऊ दे, ते इथे नको.

बरं, मास्तर काही रागावणारा माणूस नाही. त्याच्या टेबलाखाली एक मोडका जुना दस्ता आहे, १८०० च्या आसपासचा, येईल त्याला तो काढून दाखवतो. बाहेरून अंग असं की हात फिरवत राहावं. आत नळीच्या खोबणीत बघा, गोल पटाशीचे ओरखडे तसेच, कोणी साफ केलेले नाहीत. दारू ठासायच्या गजाचं भोक तर इतकं तिरकं गेलंय की एका जागी खालून बाहेर डोकावतं. नळी आणि गज यांच्यामध्ये जेमतेम एक सूत लाकूड ठेवायचं असतं, त्यातून लांबलचक गिरमिट आंधळ्यासारखं घालायचं. तेव्हाच्या कारागिराचंही चुकायचं. मास्तर ते भोक दाखवून पोट धरून हसतो. म्हणजे चूक दाखवायला ज्याच्याइतकं सोपं माणूस पेनसिल्वेनियात नाही, त्याच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली.

मला वाटतं, माझ्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. हे लिहिताना कसंसंच होतंय, पण लिहितो. बावन्नाव्या वर्षी, अडीच वर्षं, शनिवार-रविवार तळघरात. लोकांना सांगताना 'हाताने केलेली' म्हणतो. नळी विकतची. चव्वेचाळीस इंची, पन्नास कॅलिबर, मागे जाड, मध्ये बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित फुगलेली. आतल्या पेचदार खाचा कारखान्यात पाडलेल्या. लॉक विकतचं, घोडा, चाप, सगळं. घडण लँकेस्टरच्या जुन्या बंदूककाराची, जेकब डिकर्टची. दस्त्यातल्या पितळी पेटीच्या टोकाला त्याचं ते डेझीचं फूलही मी त्याच्याच बंदुकांच्या फोटोंवरून कापलं. मग माझं काय? लाकूड कोरलं, तेवढं. आणि त्यातही नेमकी जी जागा बघून मास्तर चांगलं म्हणाला, तिथे दुसरा तुकडा.

डिकर्ट १७४० साली जर्मनीत माइन्झला जन्मला, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आला, १८२२ मध्ये लँकेस्टरलाच गेला. नळीवर ठसठशीत 'जे. डिकर्ट' असं कोरायचा. त्याच्या मागच्या पिढ्यांच्या बंदुका आखूड आणि जाड तोंडाच्या. इकडे आल्यावर या जर्मन-स्विस लोकांनी हळूहळू नळी लांबवली, तोंड बारीक केलं, अक्रोडाऐवजी इथलं मेपल घेतलं. म्हणजे नक्कल करता करताच त्यांची वेगळी झाली. मी सव्विसाव्या वर्षी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन आलो. माझ्या नळीवरची जागा अजून कोरी आहे. काय कोरायचं ते ठरत नाही. नाव कोरलं तर डिकर्टची चोरी, नाही कोरलं तर... पुन्हा तेच.

दिवाळीला पिंट्या आला होता, त्याने खाली उतरून पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे नक्कल करतोयस तर." त्याच्या मनात काही नव्हतं, मला आठ दिवस लागलं. मग एकदम आठवलं, आपल्याकडे तर कागदावर शिक्काच असतो, 'खरी नक्कल'. त्याशिवाय बँक कर्ज द्यायची नाही. अण्णा ती नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचे, मुळापेक्षा जपून. आज तेच पुन्हा आठवतंय आणि थोडं हसूही येतंय. या बंदुकीत डिकर्टचं नसलेलं, कारखान्याचंही नसलेलं, निव्वळ माझं असं काही असेल तर ते ठिगळच.

आईचा सकाळी फोन आला होता. झाली का रे तुझी ती ठासणीची बंदूक, आणि घरात बंदूक कशाला, पोर आहे. मी समजावलं, आई, अगं १९६८ च्या इथल्या कायद्याच्या हिशेबाने अशी चकमकीची नक्कल बंदूकच धरत नाहीत. ती क्षणभर गप्प झाली. म्हणाली, "मग अडीच वर्षं तू करतोयस काय?"

तर आजचं.

दुपारी गाडी रस्त्यावर लावून ड्राइव्हवेवर घोड्या मांडल्या. नायट्रिक ॲसिडात लोखंड विरघळवलेलं पाणी, त्या काळी एक्वा फोर्टिस म्हणायचे, तेच अजून वापरतात. ब्रशने लावलं की लाकूड आधी कैरीच्या सालीसारखं हिरवट-पिवळं होतं आणि आपण सगळं घालवलं असं वाटतं. मग हीट गन धरायची. हळूहळू हिरवं जातं आणि आतून काकवीचा रंग वर येतो, पट्टे जागे होतात. हे मी फोटोंत, व्हिडिओंत पाहिलं होतं. आपल्या लाकडावर बघताना घशात काहीतरी होतं. कशाने ते माहीत नाही, ॲसिडाच्या वाफेनेही असेल.

पण माझं लक्ष मनगटावर. दोन भीती. एक, सरस जिथे लाकडात मुरलाय तिथे रंग धरत नाही, केसासारखी पांढरी रेघ राहते. दुसरी, सरस उष्णतेने सुटतो. ती जागा सगळ्यात शेवटी घेतली, गन हातभर लांब धरून, आरतीचं ताट फिरवावं तशी फिरवत. रेघ नाही उमटली. ठिगळही नाही हललं. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसलं, वाळवलं, तेलाचं एक बोट फिरवलं. काही नाही. दिसेचना. मी चक्क शीळ घातली. म्हटलं, संपलं, आता हे माझ्याबरोबरच जाईल.

आणि मग बंदूक खिळ्याला टांगायला आत नेली, दिवा नळीच्या तोंडाकडे आला, आणि दिसलं.

मनगटावरचे सगळे पट्टे उजळले आणि चिंचोक्याएवढा तो तुकडा विझला. पुढे सरकलो, तो उजळला, बाकीचे मंदावले. मागे आलो, पुन्हा विझला. दहा मिनिटं मी तळघरात बंदुकीसमोर फुगडी घातल्यासारखा पुढेमागे करत होतो. योगिता जेवायला हाक मारायला खाली आली. एरवी ती बंदुकीकडे बघतही नाही. आज दोन्ही हात मागे बांधून वाकली, मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली आणि म्हणाली, "हा तुकडा उलटा लावलायस ना? मखमलीच्या ब्लाऊजची एक बाही उलट्या लवेने कापली गेली की अस्संच होतं. उजेडात कळतं. पोळ्या गार होतायत."

दोन सेकंद लागली तिला. फळीचा तुकडा मी टोकाकडून फिरवून कापला होता. पट्टे जुळवायच्या नादात रेषा कुठून कुठे जाते ते बघितलंच नाही.

जेवताना तिला विचारलं, मग त्या बाहीचं काय करतेस? म्हणाली, काही नाही, गिऱ्हाइकाला सांगते. कोणी उसवून मागतं, कोणी म्हणतं राहू दे.

इतकं सरळ.

दस्त्याच्या गाल टेकतो त्या बाजूला चांदीचा आठ पाकळ्यांचा तारा बसवायचाय, जुन्या बंदुकांवर असतो तसा. मघाशी दोन मिनिटं डोक्यात आलं की असाच एखादा चांदीचा तुकडा मनगटावर ठिगळावरही चढवावा. सगळे म्हणतील, काय हौस! मग योगिताची मागे बांधलेली हातांची घडी आठवली आणि विचार सोडून दिला. निदान आज तरी.

काल मास्तरकडे खिडकी दस्त्याच्या बाजूला होती, म्हणून त्याला रेषा वाहताना दिसली. त्याच्याकडे खिडकी एकच आहे. शनिवारी मी आधीच टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहणार, म्हणजे नळीचं तोंड खिडकीकडे करूनच त्याला ती हातात घ्यावी लागेल. त्याआधी तोंडाने सांगायला जमलं तर सांगेन.

अर्धं लिंबू कुठे ठेवलंय ते बघतो.