कलेक्टरची खुर्ची

बॅलार्ड इस्टेटमधल्या नव्या कस्टम हाउससमोरून मी अनेक वर्षे ऑफिसला जातो आहे. काखेत फायलींचा गठ्ठा धरून फाटकाशी ताटकळणारे क्लिअरिंग एजंट दिसले, की मला हटकून चेस्टर आर्थर आठवतो. अमेरिकेचा हा एकविसावा राष्ट्राध्यक्ष आपल्याकडे कोणाच्या खिजगणतीत नाही, आणि तिकडेही फारसा नसावा. पण त्याची चढती कमान समजून घ्यायला बंदराच्या शहरात राहणाऱ्याला वेगळे काही शिकावे लागत नाही.

आर्थर हा व्हरमाँटमधल्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. न्यूयॉर्कमध्ये त्याने वकिली सुरू केली. १८५४ मध्ये एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला घोड्यांच्या ट्राममधून ओढून उतरवण्यात आले, तेव्हा तिचा खटला या तरुणाने चालवला आणि पुढच्या वर्षी जिंकलाही. मात्र पुढे त्याला गोडी लागली ती रिपब्लिकन पक्षाच्या आतल्या कारभाराची. सिनेटर रॉस्को काँक्लिंग याच्या गोटात तो सामील झाला आणि १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्याला न्यूयॉर्क बंदराचा कलेक्टर नेमले.

आपल्याकडे कलेक्टर म्हटले की जिल्हा डोळ्यांपुढे येतो. हा कलेक्टर बंदराचा, पण तोऱ्यात तसूभरही कमी नव्हता. देशाच्या आयात शुल्काचा मोठा वाटा याच बंदरातून गोळा होई. हाताखाली सुमारे हजार माणसे होती. त्यांची भरती पक्षाच्या शिफारशीवर होई आणि त्यांच्या पगारातून पक्षनिधीची वर्गणी कापली जाई. शिवाय शुल्क चुकवणाऱ्या व्यापाऱ्याकडून जो दंड वसूल होई, त्यात अधिकाऱ्यांचा कायदेशीर हिस्सा असे. फेल्प्स डॉज या पेढीने २ लाख ७१ हजार डॉलर भरले, त्यातले २० हजारांहून अधिक एकट्या आर्थरच्या वाट्याला आले. ही हिस्सेदारी १८७४ मध्ये बंद झाली. आर्थरला चोरून खाण्याची गरजच नव्हती; मलईची वाटी कायद्यानेच त्याच्यापुढे ठेवली होती. १८७८ मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष हेज याने त्याला त्या खुर्चीवरून दूर केले.

एरवी येथे एखाद्याचे राजकारण संपले असते. १८८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी शिकागोत भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात काँक्लिंगचा गट ग्रँटसाठी अडून बसला होता, पण मतदानाच्या छत्तिसाव्या फेरीत जेम्स गारफिल्डची निवड झाली. रुसलेल्या न्यूयॉर्ककरांची समजूत घालण्यासाठी आर्थरला उपाध्यक्षपदाची उमेदवारी देऊ करण्यात आली. काँक्लिंगने ती धुडकावून लाव असे फर्मावले, तेव्हा आर्थर उत्तरला, की हा मान माझ्या स्वप्नातही नव्हता. त्याआधी त्याने एकही निवडणूक लढवली नव्हती. त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले निर्णायक वाक्य हेच, असे माझे मत आहे.

पुढच्याच वर्षी, राष्ट्राध्यक्ष झालेल्या गारफिल्डने त्याच कलेक्टरच्या खुर्चीवर काँक्लिंगचा विरोधक विल्यम रॉबर्टसन नेमला. चिडून काँक्लिंगने सिनेटचा राजीनामा दिला, आणि उपाध्यक्ष असूनही आर्थर त्याच्या फेरनिवडीसाठी न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, खेटे घालत राहिला; सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडत असे. २ जुलै १८८१ रोजी गारफिल्डवर गोळ्या झाडणाऱ्या गितोने पकडले जाताना आर्थर आता राष्ट्राध्यक्ष होईल असे सांगितले, त्यामुळे लोकांचा संशय कोठे वळला असेल हे सांगायला नको.

गारफिल्ड अखेर दगावला, आणि २० सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, न्यूयॉर्कमधल्या लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवरील १२३ क्रमांकाच्या आपल्या घरात आर्थरने शपथ घेतली. तेथे आता मसाल्यांचे दुकान आहे. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण तेथून हिंग आणि तूरडाळ नेते, पण दारापाशी लावलेली पाटी मी फोनवर सांगेपर्यंत तिने वाचली नव्हती.

शिफारशीऐवजी परीक्षेने सरकारी भरती सुरू करणाऱ्या पेंडलटन कायद्यावर याच आर्थरने १८८३ मध्ये सही केली. पण त्याची खरी परीक्षा त्याआधीच झाली होती. तो राष्ट्राध्यक्ष होताच काँक्लिंग येऊन रॉबर्टसनला काढून टाक म्हणून हटून बसला. आर्थरने नकार दिला, आणि रॉबर्टसन १८८५ पर्यंत त्या खुर्चीवर राहिला.