तुम्ही विचारलंत म्हणून: समुपदेशनाला गेल्यावर नेमकं काय होतं?

पहिली वेळ ठरवायला फोन येतो. फी वगैरे विचारून झाल्यावर बहुतेक जण जरा घुटमळतात आणि मग विचारतात, ‘पण तिथे आल्यावर नेमकं काय होतं? तुम्ही काय सांगता?’ मी व्यक्तिकेंद्री पद्धतीने काम करते. या पद्धतीत समुपदेशक फारसं काही सांगत नाही. फोनवर हे ऐकून माणूस गोंधळतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी व्यवहाराचं. भेट साधारण ५० मिनिटांची, बहुधा आठवड्यातून एकदा. सुरुवातीला संमतीपत्र, फी आणि भेट रद्द करायची झाली तर काय, हे बोलून घेतो. तुमचं बोलणं बाहेर जात नाही. नवऱ्याकडे नाही, आईकडे नाही, फी भरणाऱ्याकडेही नाही. अपवाद असतात. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर गप्प बसता येत नाही. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं. कुणी सांगितलं नाही, तर तुम्ही विचारा.

आता सल्ल्याचं. ही पद्धत उभी केली कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. तरुणपणी ते रोचेस्टर शहरात मुलांसाठीच्या एका संस्थेत काम करत. तिथे एका त्रास देणाऱ्या मुलाची आई त्यांच्याकडे यायची. आईने मुलाला मनापासून स्वीकारलेलं नाही, हेच दुखण्याचं मूळ, असं रॉजर्सना स्वच्छ दिसत होतं आणि ते तिला परोपरीने समजावत होते. उपयोग शून्य. शेवटी ‘थांबू या’ असं दोघांचं ठरलं. निरोप घेऊन ती निघाली, वळली आणि तिने विचारलं, ‘तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का?’ हो म्हटल्यावर ती परत येऊन बसली आणि विस्कटत चाललेल्या संसाराबद्दल भडाभडा बोलू लागली. कुठे दुखतंय आणि कुठल्या वाटेने जायचं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, हे रॉजर्स अशा अनुभवांतून शिकले. १९५७ च्या एका लेखात त्यांनी समुपदेशकाकडून काय हवं ते मांडलं. समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घ्यायचं, त्याला विनाअट स्वीकारायचं आणि स्वतः मुखवटा न घालता बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. मला यातलं तिसरं अजूनही सर्वांत अवघड जातं.

शिकत असताना मीही समोरच्या खुर्चीत बसले आहे. बाबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. आयसीयू, मेडिक्लेमचे कागद, तेराव्याला कोण कोण आलं, असं मी हिशेब दिल्यासारखं सांगत होते. माझ्या समुपदेशक ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘सगळी धावपळ तुमच्यावरच आली. थांबायला सवडच मिळाली नाही.’ मी हो म्हणणार होते, पण तोंडून निघालं, ‘नाही, सवड होती. मलाच थांबायचं नव्हतं.’ त्यांनी आपलं वाक्य सावरून घेतलं नाही. ‘थांबायचं नव्हतं,’ एवढंच म्हणाल्या आणि गप्प राहिल्या. मग मी पहिल्यांदा बाबांबद्दल बोलले.

ताईंचा अंदाज थोडा हुकला होता आणि तो दुरुस्त करताना माझं मला सापडलं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, माझं म्हणणं जुळत नसेल तर ‘नाही, तसं नाही’ म्हणा. डॉक्टर, सर, वडीलधारे यांच्यापुढे मान डोलवायची सवय आपल्यात इतकी मुरलेली असते, की एवढं म्हणायलाच कित्येकांना काही आठवडे लागतात. ते आठवडे वाया गेलेले नसतात.

मध्ये शांतता पडते. ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. काही भेटींनंतर हलकं वाटेल, काहींनंतर दिवसभर जड. जड वाटलं तर पुढच्या वेळी तेच सांगा, तिथूनच बोलणं सुरू होईल.

औषधं मात्र समुपदेशक देत नाही. झोप पार उडाली असेल, भास होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायलाच हवं; दोन्ही उपचार बरोबरीने चालू शकतात. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर भेटीच्या दिवसाची वाट पाहू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि समोरचा माणूस ‘बाईनेच जुळवून घ्यायचं असतं’ किंवा ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय’ असलं काही ऐकवू लागला, तर तुम्ही खुशाल दुसरा समुपदेशक शोधा. पहिल्या भेटीनंतरसुद्धा. कारण द्यावं लागत नाही.