ई३ झेडटीएफचा तो 'डिप' गेला हो

मंडळी, ई३ झेडटीएफ या धूमकेतूवरच्या मागच्या अपडेटमधला ग्राफ विसरा. तोच, ज्यात सी-टू (दोन कार्बन अणूंचा रेणू, धूमकेतूला हिरवा रंग देणारा) भागिले धूळ हा प्रकाशाचा रेशो जानेवारी २०२३ पासून उतरत जातो, १ फेब्रुवारीच्या आसपास तळ गाठतो आणि मग परत चढतो. धूमकेतूच्या वायूतला बदल ८० एमएमच्या नळीतून, वेल्ह्याच्या माळावरून पकडला म्हणून मी आठवडाभर हवेत होतो. आता जमिनीवर आलोय.

पहिला संशय चंद्रावर. ५ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती, आणि चांदणं म्हणजे शेवटी ऊनच, ते धुळीच्या कंटिन्युअममध्ये (धुळीवरून परतलेल्या उन्हाच्या सलग रंगपटात) मिसळलं की रेशो पडणारच. दोन शनिवार-रविवार आकाशाचा बॅकग्राउंड काढण्यात घालवले, सिरिल या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये मनासारखं होईना म्हणून पायथनमध्ये स्वतः लिहिलं, बायको म्हणाली आता तरी जेवायला ये. डिप थोडा उथळ झाला, जागचा हलला नाही. आणि २१ जानेवारीच्या अमावस्येनंतरच्या बिनचंद्राच्या रात्रींतही उतार होताच, म्हणजे चंद्र निर्दोष.

मग परवा भांडी घासताना ट्यूब पेटली. सगळ्या रात्रींना मी ॲपर्चर, म्हणजे मोजणीची चौकट, ६० आर्कसेकंदांचं ठेवलंय! १ फेब्रुवारीला ई३ आपल्यापासून ०.२८ एयू (१ एयू म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), म्हणजे जवळपास सव्वाचार कोटी किमीवर होता. तिथे ६० आर्कसेकंद म्हणजे साधारण १२,००० किमी, आणि धूमकेतू दुप्पट लांब असेल तर तेच २४,०००. आता सी-टू काही केंद्रकातून तयार होऊन येत नाही, आधी दुसरा मोठा रेणू निघतो, ऊन लागून तो तुटतो तेव्हा कुठे सी-टू मिळतो, आणि हेझर मॉडेलमध्ये (धूमकेतूचा वायू कसा पसरतो त्याचं गणित) त्या आई-रेणूची लांबी, म्हणजे तुटण्याआधी तो साधारण जितका दूर जातो ते अंतर, सूर्यापासून १ एयूवर सुमारे २२,००० किमी धरतात. धूळ मात्र केंद्रकापाशीच गच्च. म्हणजे धूमकेतू जवळ येत गेला तसा मी हिरव्या घेराच्या आतला धुळीचा गाभाच मोजत बसलो, आणि तो लांब गेला तसा घेर परत चौकटीत आला. धूमकेतू बिचारा होता तसाच होता.

रात्रीच सगळ्या स्पेक्ट्रावर (रंगपटांवर) त्या-त्या रात्रीच्या अंतराप्रमाणे २०,००० किमीची पट्टी लावून परत काढलं. रेघ जवळजवळ सपाट, उरलासुरला उतार एरर बारच्या आत. एवढी रटाळ रेघ बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

अर्थात हे अर्धंच काम. माझ्या स्टार ॲनालायझरला (प्रकाश रंगांत पसरवणारी रेघांची जाळी) स्लिट, म्हणजे बारीक फट, नाही, त्यामुळे पट्टीची उंची हातात आहे, पण रंग पसरतात त्या दिशेला कोमा (केंद्रकाभोवतीचा वायू-धुळीचा ढग) आपोआप लिंपला जातो, तिथे किमीबिमी काही चालत नाही. (मिलिमीटरला १०० लाइनवालाच घ्या बरं का, २०० वर अंधुक धूमकेतू नुसता पसरून जातो.)

रोझेटा यानाची आठवण झाली. ते तर ६७पी धूमकेतूच्या अगदी शेजारी होतं, आणि २०१४ मध्ये त्याच्यावरच्या रोझिना या वायू मोजणाऱ्या उपकरणाला पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा तोल केंद्रकाच्या १२.४ तासांच्या फिरकीबरोबर हलताना दिसला, केंद्रकाच्या दोन भागांमधली मान समोर आली की पाणी जास्त, दक्षिणेकडची बाजू आली की कार्बन डायऑक्साइडचं पारडं जड. तो बदल खरा होता. आपल्याला चार आठवड्यांत चार बरे स्पेक्ट्रा मिळाले तर पेढे.

मी एक स्लिट स्पेक्ट्रोग्राफ घ्यायच्या विचारात होतो, किंमत बघून आणि एका डीलरने साध्या ॲडॅप्टरसाठी तीन महिने फिरवल्यावर तो विचार बारगळत होताच. पण हे लिहितानाच सुचतंय, स्लिट हवीच कशाला? स्वॅन बँडचा (सी-टूचा हिरवा प्रकाश तेवढा सोडणारा) फिल्टर आणि एक कंटिन्युअमचा फिल्टर, दोन्हीतून सरळ फोटो, मग गोल ॲपर्चर पाहिजे तेवढ्या किमीचं!

आणि त्याच्याही आधी १२पी पॉन्स-ब्रूक्स या दुसऱ्या धूमकेतूचे माझे जुने स्पेक्ट्रा. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये तो पृथ्वीपासून १.६ एयूच्या आसपासच होता, म्हणजे अंतराचा घोळ जवळपास नाहीच. शिवाय तोवर मी यूव्ही-आयआर कट फिल्टर काढला होता, तेव्हा ३८८ नॅनोमीटरचा सायनोजेन (सीएन वायूची जांभळ्या टोकाची खूण) पण कदाचित सापडेल. पश्चिमेला खूप खाली होता, निळा प्रकाश हवेनेच गिळलाय, त्यामुळे त्याच उंचीवरचे तारे शोधावे लागतील. हार्ड डिस्क उघडतो. कुणाकडे स्वॅन बँडचा सव्वा इंची फिल्टर पडून असेल तर महिनाभर उसना द्या, परत करीन.