क्योटोचा चेरीबहर कालव्याच्या काठाने पाहावा

टोकियोची उएनो बाग दुपारी चटया टाकून बसलेल्यांची आणि चिदोरिगाफुचीचा खंदक सकाळी फिरणाऱ्यांचा. ओसाका खाण्यासाठी. आम्हा दोघांना खरं लिहायचंय ते क्योटोबद्दल.

आधी तारखांचं. शहरात दिसणारी बहुतेक चेरी सोमेइ योशिनो जातीची. ती बियांपासून नव्हे, कलमांनी वाढवतात. सगळी झाडं मुळात एकच, म्हणून शहरभर एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. टोकियोत यासुकुनी मंदिरातल्या ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं बहर सुरू झाल्याचं जाहीर करतं. तिथून पूर्ण बहराला साधारण आठवडा लागतो आणि तो टिकतोही जेमतेम आठवडाभर. वारा-पाऊस आला तर तेवढाही नाही. क्योटोत हे सगळं मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला घडतं. सकाळी गारठा असतो, स्वेटर हवाच.

सामानाचं दुसरं. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर टोकियो-क्योटो शिंकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) त्यासाठीची खास सीट आधी राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरून बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवा. ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते, एका रात्रीचे कपडे हातात ठेवा. गाडीत ई अक्षराची सीट मागा, आकाश स्वच्छ असेल तर फुजी त्याच बाजूला दिसतो.

क्योटोच्या सिटी बसवर मात्र आमचा राग आहे. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे येऊन पैसे द्यायचे. पद्धत चांगली आहे. पण बहरात कियोमिझु मंदिराकडे जाणाऱ्या बसमध्ये मधल्या माणसाला दारापर्यंत पोहोचताच येत नाही, आणि मोठ्या बॅगा घेऊन चढलेले प्रवासी त्यात भर घालतात. म्हणून तोझाई मेट्रोने केआगे गाठा आणि तिथून चाला.

केआगेला सकाळी सहाला पोहोचावं. स्टेशनालगत जुन्या रुळांचा ५८२ मीटर लांबीचा उतार आहे, दोन्ही बाजूंना चेरी. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योटो मागे पडू लागलं, तेव्हा बिवा तलावाचं पाणी शहरात आणण्यासाठी कालवा खोदला, हा उतार त्याचाच भाग. काम तानाबे साकुरो या नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुण इंजिनिअरकडे होतं. पाणी या ठिकाणी इतकं खाली उतरतं की होड्या तशाच जाऊ शकत नव्हत्या. त्या चाकांच्या पाळण्यावर चढवून विजेच्या जोरावर रुळांवरून ओढत, आणि ती वीज याच कालव्याच्या पाण्यावर तयार होई. आता रुळांमध्ये खडी आहे, तेव्हा टाचांच्या चपला नकोत.

उतार संपल्यावर नान्झेनजीच्या आवारात शिरा. देवळामागे विटांच्या कमानींवरून त्याच कालव्याची शाखा वाहते. पुढे एइकानदो मंदिरावरून कालव्याकाठची तत्त्वज्ञांची वाट लागते, सुमारे दोन किलोमीटर. इथली चेरीची झाडं मुळात चित्रकार हाशिमोतो कानसेत्सु आणि त्यांच्या पत्नीने दिलेल्या रोपांपासूनची. एका जोडप्याने शहराला एवढी मोठी सावली द्यावी, हे आम्हाला फार भावलं. बहर ओसरताना गेलात तर पाण्यावर पाकळ्यांचा थर असतो, आणि आमच्या मते तोच या वाटेचा सर्वांत सुंदर काळ. वाट जिथे संपते ते गिन्काकुजी मंदिर साडेआठला उघडतं. रमतगमत आलात तर बरोबर वेळेवर पोहोचता. तोवर गर्दी समोरून येऊ लागलेली असते.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावं: साध्या भाजीच्या सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. पोटभर जेवायचं तर बौद्ध मठांचं शोजिन, म्हणजे शाकाहारी, जेवण आधी सांगून ठेवा.

सोमेइ योशिनो हुकली तर निन्नाजीला जा. तिथल्या ओमुरो चेरी एप्रिलच्या मध्याला फुलतात आणि झाडं इतकी बुटकी की फुलं डोळ्यांसमोर येतात, मागे पाच मजली पॅगोडा. रांदेन ट्रामने ओमुरो-निन्नाजी स्टेशनावर उतरलात की मंदिराचं दार समोरच. त्याच मार्गावर नारुताकी आणि उतानो यांच्यामध्ये ट्राम चेरीच्या बोगद्यातून जाते. तिकिटं आता काढायची असतील तर आम्ही एप्रिलचा दुसरा आठवडा सुचवू. महिनाअखेरीला गोल्डन वीकच्या सुट्ट्या लागतात, त्याआधी परत निघा.