कळमन्याच्या पेढीवरचं ऑडिट

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याच्या पेढीवर हिशोबपट्टीचे दोन प्रोग्राम शेजारी शेजारी चालतात. एक २०१३ सालचा, ओपा नावाच्या भाषेत लिहिलेला. त्या भाषेत आता जवळपास कोणीच लिहीत नाही. दुसरा आमच्या कंपनीने बनवलेला, पीएचपी आणि जावास्क्रिप्टमधला, दिसायला एकदम झक्कास. डिसेंबरात, ऐन विधिमंडळ अधिवेशनाच्या धामधुमीत, दोघांचं सुरक्षा ऑडिट झालं आणि दोघेही नापास झाले. नापास होण्याची कारणं मात्र अशी निघाली की मी अजून त्याच्यावरच विचार करून राहिलोय.

ऑडिट का लागलं ते आधी सांगतो. शेतकऱ्याचा माल उतरतो, लिलाव होतो, तोल होतो. भाव गुणिले वजन, त्यातून हमाली, तोलाई वजा जाऊन हातात किती पडणार, तो कागद म्हणजे पट्टी. पेढीच्या मालकांच्या, म्हणजे सेठजींच्या, मुलाला ही रक्कम थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकायची होती. त्यासाठी बँकेचा एपीआय, म्हणजे आपला प्रोग्राम बँकेच्या यंत्रणेला जोडायची सोय, हवा. बँक म्हणाली, सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरचं प्रमाणपत्र आणा, मग बोलू. बँकेचं याबाबतीत बरोबरच आहे.

आमच्या ऑफिसात जुन्या प्रोग्रामला 'म्हातारा' म्हणतात. तो माझ्याकडे आला तो त्यातला डेटा नव्यात हलवायला. डेटा हलवायचा म्हणजे आधी कोड वाचावा लागतो, आणि कोड वाचता वाचता मी त्यात गुंतलो. लिहिणारा मुलगा नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजचा. कॉलेजात असताना सेठजींच्या ओळखीतून त्याने हे काम केलं आणि नंतर तो हैदराबादला निघून गेला. फोन केला तर पहिलं वाक्य हे : "भाऊ, ते अजून चालून राहिलं?"

साधारण वेब प्रोग्राममध्ये एकच गोष्ट चार-पाच वेगवेगळ्या भाषांत सांगावी लागते. पडद्यासाठी एचटीएमएल, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर पीएचपी, डेटाबेससाठी एसक्यूएल, आणि मधल्या दळणवळणाला जेसन. प्रत्येक सांध्यावर डेटा नुसता मजकूर होऊन पलीकडे जातो, आणि पलीकडच्याने त्याचा काय अर्थ लावायचा याची हमी कोणीच घेत नाही. ओपा २०११ मध्ये खुली झाली तीच या सांध्यांवर उपाय म्हणून. एमएलस्टेट ही फ्रेंच कंपनी, आंरी बिन्झ्टोक हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. सगळा प्रोग्राम एकाच भाषेत लिहायचा. त्यातलं ब्राउझरमध्ये काय जाईल आणि सर्व्हरवर काय राहील, याची विभागणी कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्राम, करतो. स्वतः सांगायचं असेल तर फंक्शनच्या आधी 'क्लायंट', 'सर्व्हर', 'प्रोटेक्टेड', 'एक्स्पोज्ड' असे शब्द लावता येतात. ब्राउझरचा भाग जावास्क्रिप्ट होऊन बाहेर पडतो. सर्व्हरचा भाग सुरुवातीला थेट मशीन कोड व्हायचा, पुढे नोड जेएसवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालू लागला. डेटाबेससाठी मोंगोडीबी. आणि या सगळ्यावर एकच टाइपतपासणी, म्हणजे कोणत्या जागी कोणत्या प्रकारचा डेटा चालेल याची पडताळणी.

कल्पना एकट्या ओपाची नव्हती. एडिनबरोत फिलिप वॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'लिंक्स' मांडली होती. एमआयटीच्या ॲडम क्लिपाला यांची 'उर/वेब' तर याहून कडक आहे : एसक्यूएलची चौकशी (क्वेरी) चुकीची असेल तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांत यांतलं एकही नाव मुलांच्या कानावर पडत नाही. तिथे अजून 'वेब टेक्नॉलॉजी'च्या पेपरात टेबल टॅगचे ॲट्रिब्यूट विचारतात.

एक गोष्ट मात्र मी कौतुकाने सांगणार. त्या मुलाने पैसे आणि वजन यांचे वेगवेगळे टाइप बनवले होते. पैसे पूर्णांकात, पैशांमध्येच, वजन किलोत. चुकून एकात दुसरं मिळवलं तर कंपायलर पुढे जाऊच देत नाही. मी गंमत म्हणून एक प्रयोग केला. कंपायलर आजच्या मशीनवर नीट बसेना, म्हणून उबुंटू १२.०४ या जुन्या प्रणालीची व्हर्च्युअल मशीन उभी केली आणि वजनाच्या टाइपमध्ये 'बारदाना' असं एक जास्तीचं खातं घातलं, म्हणजे पोत्यांचं वजन वेगळं. कंपाइल केलं. एरर आली पडद्याच्या कोडमध्ये. ती दुरुस्त केली तर पट्टीच्या छपाईत आली. ती केली तर महिन्याच्या गोषवाऱ्यात आली, जो गोषवारा आहे हे मला माहीतच नव्हतं. सगळ्या एरर संपल्या आणि प्रोग्राम चालला, बरोबर चालला. आमच्या नव्या प्रोग्राममध्ये हाच बदल केला होता तेव्हा एक जागा सुटली, आणि दोन दिवस लोकांच्या पट्टीवर वजनाच्या जागी 'अनडिफाइन्ड' छापून येत होतं. एका शेतकऱ्याने ते सोयाबीनचं वाण समजून विचारलं म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण ऑफिसात ही गोष्ट फार चालली.

आता ऑडिटचा दिवस. ऑडिटर पुण्याहून आला. मोर्च्यामुळे सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते बंद, त्यामुळे गायत्रीनगरच्या आयटी पार्कात, म्हणजे आमच्या ऑफिसात, तो पोचला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. पोरगा तरुण, कमी बोलणारा. माझा अनुभव असा की निम्मे ऑडिटर टूल चालवतात आणि मागच्या गिऱ्हाइकाच्या रिपोर्टमध्ये नाव बदलून देतात. एकदा तर नाव बदलायचंही राहिलं होतं. हा तसा नव्हता. याने आधी विचारलं, "पट्टी कोण बनवतं, आणि ती बनल्यावर कोण बदलू शकतं?" तेव्हाच मला वाटलं, आज काहीतरी निघणार.

नव्या प्रोग्रामपासून सुरुवात केली. शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात त्याने एक छोटा इमेज टॅग लिहिला, चित्र सापडलं नाही की कोड चालवणारा, जतन केलं, पट्टी उघडली. पडद्यावर खिडकी उडी मारून वर आली. सगळे गप्प. याचा अर्थ, उद्या कोणी त्या रकान्यात नावाऐवजी घातक कोड टाकला, तर तो मुनीमजींच्या ब्राउझरमध्ये, मुनीमजींच्या लॉगिनच्या हक्कांनी चालेल.

हे भोक कसं पडलं ते मला ठाऊक होतं, कारण तो तमाशा माझ्यासमोर घडला होता. पेढीच्या नावात '& सन्स' आहे. आमच्या पीएचपीवाल्याने सुरुवातीला मजकूर जतन करतानाच सुरक्षित करायचा म्हणून त्यातली चिन्हं बदलून ठेवली. छपाईचा साचाही आपल्या परीने तीच चिन्हं पुन्हा बदलत होता. परिणाम काय, तर पट्टीच्या माथ्यावर '&एएमपी; सन्स' असं छापून यायला लागलं. सेठजी पट्टी घेऊन थेट ऑफिसात. "काऊन बे, हा एएमपी कोण हाय? बापानं तं आमा दोघा भावांतच पेढी वाटली होती, हा तिसरा कुठून आणला?" आम्ही हसलो, पण साहेबांना फोन गेला आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा असा हुकूम आला. पीएचपीवाल्याने घाईत दोन्हीकडची बदलाबदली काढून टाकली आणि पडद्यावर मजकूर सरळ इनर-एचटीएमएलने, म्हणजे मजकुरालाच एचटीएमएल समजून, ओतला. '&' झकास दिसायला लागला. आणि दार सताड उघडं पडलं. त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. चार भाषांच्या चार सांध्यांवर कोणत्या वेळी मजकूर कच्चा आहे आणि कोणत्या वेळी शिजलेला, हे कोणाच्याच डोक्यात नसतं. साहेबांना मात्र देतो. "स्टेजिंगवर तर चालतंय ना" हे त्यांचं पालुपद आहे; स्टेजिंग म्हणजे चाचणीचा सर्व्हर.

मग त्याने तोच टॅग म्हाताऱ्यात टाकला. पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी तो टॅग जसाच्या तसा, अक्षरागणिक छापून आला. खिडकी नाही, काही नाही. ओपात एचटीएमएल हा मजकूर नसतोच, त्याचा स्वतःचा टाइप असतो. साधा मजकूर त्यात घातला की भाषाच तो दाखवण्याच्या क्षणी सुरक्षित करते, आणि डेटाबेसमध्ये मूळ मजकूर तसाच राहतो. '& सन्स'ही नीट, आणि टॅगही निरुपद्रवी. एसक्यूएल इंजेक्शनचे, म्हणजे रकान्यातून डेटाबेसला चोरून हुकूम देण्याचे, नेहमीचे डावही त्याने टाकून पाहिले. तिथे चौकशी मजकूर जोडून बनतच नाही, त्यामुळे हाती काही लागलं नाही.

यानंतर वजन. ब्राउझर आणि सर्व्हरच्या मध्ये बर्प नावाचं टूल लावून त्याने जाणारी विनंती अडवली आणि वजन उणे करून पुढे सोडलं. आमच्या नव्याने ते निमूट घेतलं, कारण तपासणी फक्त ब्राउझरमध्ये होती. सर्व्हरवर ती 'पुढच्या स्प्रिंटमध्ये', म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्यात, होती. म्हाताऱ्याने नाकारलं. मी खुश होऊन म्हणालो, बघा, भाषेची करामत! ऑडिटरने थंडपणे विचारलं, "कशावरून भाषेची?" कोड उघडला. तपासणीचं फंक्शन एकदाच लिहिलेलं होतं. ब्राउझर तेच वापरत होता आणि डेटाबेसमध्ये लिहिण्याआधी सर्व्हरही तेच वापरत होता. पण सर्व्हरवर ते बोलावणं हा त्या मुलाचा निर्णय होता. त्याने ती ओळ लिहिली नसती तर कंपायलर काही बोलला नसता. भाषेने इतकंच केलं की तीच तपासणी दोनदा, दोन भाषांत लिहायची कटकट ठेवली नाही. ज्याला कटकट नसते तो माणूस तपासणी करतो, एवढंच म्हणता येईल. पण हे 'एवढंच' मला लहान वाटत नाही.

तोवर मी मनात म्हाताऱ्याला पास करून टाकलं होतं. मग ऑडिटरने सर्व्हरकडे मोर्चा वळवला. नोड जेएस ०.१०. या आवृत्तीला दुरुस्त्या मिळणं २०१६ मध्येच बंद झालं. मोंगोडीबी त्याच काळातलं. ब्राउझरशी सांकेतिक बोलणं करणारं ओपनएसएसएल इतकं जुनं की आजचे ब्राउझर त्याच्याशी बोलायलाच कुरकुर करतात. ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत सहावं कलम आहे, जुने आणि सदोष घटक. म्हातारा तिथे सपशेल आडवा. आणि वरची आवृत्ती लावायची तर कंपायलरने काढलेला कोड तिच्यावर चालत नाही. कंपायलर सुधारायचा तर ओकॅमल भाषेत लिहिलेला तो सगळा डोलारा समजणारा माणूस हवा. घर मजबूत, पण ज्या जमिनीवर उभं तिची मालकीच संपलेली.

"म्हणजे दोघांपैकी सुरक्षित कोणता?" मी विचारलं.

"रिपोर्टमध्ये तसा रकाना नसतो," तो म्हणाला. मग चहा पिता पिता थोडा खुलला. त्याच महिन्यात रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या सर्व्हर कंपोनंट्समधली, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागातली, भेग जाहीर झाली होती, सीव्हीई-२०२५-५५१८२, तीव्रता दहापैकी दहा. ब्राउझरकडून आलेला डेटा सर्व्हर नीट न पारखता उलगडत होता आणि लॉगिन न करताच तिथे हवा तो कोड चालवता येत होता. "तुमची ओपा आणि हे, कल्पना एकाच गोत्राची," तो म्हणाला. "ब्राउझर आणि सर्व्हरमधली सीमा लिहिणाऱ्याला दिसू नये. पण सीमा असतेच, आणि हल्ला करणाऱ्याला ती बरोबर दिसते. रिॲक्टची भेग सापडली कारण हजारो लोक तिच्याकडे पाहतात. दुरुस्तीही लगेच निघाली. ओपाकडे कोण पाहतंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. भेग नाही म्हणून ती सापडली नाही, की शोधणाराच नाही म्हणून? संध्याकाळी हैदराबादच्या मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, मी तेव्हा भाषा निवडली ती मला आवडली म्हणून, सेठजींना कोण सांभाळेल याचा विचार वीस वर्षांच्या पोराने करायचा असतो का? आता तो एका बँकेत जावा लिहितो.

सेठजींना रिपोर्ट समजावायला साहेब स्वतः गेले. नव्यातल्या त्रुटी 'किरकोळ' आणि जुन्यातल्या 'गंभीर' असं त्यांनी सांगितलं. खरं तर रिपोर्टात दोन्हीकडच्या 'उच्च' वर्गातल्याच होत्या. सेठजींनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला : "मंग पट्टी कोणाची खरी?" कारण त्याच आठवड्यात त्यांच्या मुनीमजींनी दोन्ही प्रोग्रामच्या पट्ट्या ताडून पाहिल्या होत्या आणि काही ठिकाणी काही पैशांचा फरक निघाला होता. नवा प्रोग्राम दशांशात मोजतो, म्हातारा पूर्ण पैशांत.

नव्याची दुरुस्ती मी मागून घेतली. सर्व्हर टाइपस्क्रिप्टवर, म्हणजे टाइप असलेल्या जावास्क्रिप्टवर, नेतोय, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर निदान एका भाषेत येतील आणि तपासणीचं फंक्शन एकदाच लिहिता येईल. टाइपस्क्रिप्टमध्ये पैसे आणि वजन दोन्ही शेवटी नंबरच. ते वेगळे ठेवायला जुगाड करावा लागतो, तो केला. पीएचपीवाला थोडा रुसला आहे. म्हाताऱ्याची नेटची वायर काढून टाकली. पेढीच्या आतल्या जाळ्यात तो तेवढा चालतो आणि मुनीमजी रोज शेवटी त्याच्यावर एकूण जमवून पाहतात. पुनर्तपासणीची तारीख ऑडिटरने दिली आहे. त्याआधी हमालीचा नवा दर लागू व्हायचा आहे. तो म्हाताऱ्यातही घालायचा की नाही, यावर साहेबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मुनीमजी म्हणतात, घाला. उबुंटूची ती व्हर्च्युअल मशीन मी अजून काढलेली नाही.