आमची वाटचाल : दहा बाय बाराच्या इस्टेटी

2011 साली आम्ही दोघी मैत्रिणींनी परळला, माझ्या सासऱ्यांच्या जुन्या गाळ्यात वकिलीचं ऑफिस थाटलं. कौटुंबिक कामंच घ्यायची हे पहिल्यापासून ठरलेलं: घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. निम्मा दिवस बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात जायचा. वकिलाला जाहिरात करता येत नाही, त्यामुळे एका पक्षकाराने दुसऱ्याला सांगितलं तरच दाराशी कोणी यायचं.

मग गिरणगावातल्या चाळी एकामागोमाग रिडेव्हलपमेंटला गेल्या आणि आमचं कामच पालटलं. ज्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच भावंडं वाढली, तिच्या जागी कोटीच्या घरातला फ्लॅट उभा राहणार होता. करारावर सही कोणी करायची, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच उघडपणे निघायचा. वडील जाऊन वर्षं लोटलेली आणि भाडेपावती अजून त्यांच्याच नावाची. इस्टेट हा शब्द बंगलेवाल्यांचा, असं समजणारी ही माणसं. पण मुंबईत बहुतेकांची सगळी इस्टेट म्हणजे एक घर, आणि एका घराचे तुकडे करता येत नाहीत. म्हणूनच इथले वाद इतके कडू होतात, असं मला वाटतं.

पगडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या खोल्यांचा गोंधळ तर फारच. ‘बाबांनी खोली धाकट्याला लिहून दिलीय,’ असं म्हणत लोक मृत्युपत्र पुढे करतात. पण भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरू गेला तेव्हा कुटुंबातलं कोण त्याच्यासोबत तिथे राहत होतं, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आधी बघतो. मग रेशनकार्ड, मतदारयादी, बँकेचं पासबुक यांचा शोध सुरू होतो.

आमच्या ऑफिसचा सगळ्यात कडक नियम हक्कसोडपत्राबाबत आहे. भाऊ तयार मसुदा घेऊन येतो, बहीण मागे उभी असते, ‘ताईची काही हरकत नाही’ हेही तोच सांगतो. आम्ही ताईंना आतल्या खोलीत एकट्यांना बसवतो आणि त्यांचा वाटा किती, त्याची आजची किंमत काय, हे आकड्यांत सांगतो. त्यानंतरही बऱ्याच जणी आनंदाने सही करतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे. काही जणी मात्र पदराने डोळे पुसत म्हणतात, ‘मला कोणी हे सांगितलंच नव्हतं.’ अशा वेळी ते काम आम्ही तिथेच थांबवतो.

मुलींना हक्क 2005 साली मिळाला, हे वाक्य तर रोज ऐकू येतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मापासून वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती देशभर 2005 साली झाली हे खरं. महाराष्ट्राने तर ती काही मर्यादांसह 1994 मध्येच केली होती. पण वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू कुटुंबात पत्नी, आई, मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा 1956 पासून आहे.

नॉमिनीचंही तसंच. ‘सोसायटीत नॉमिनी मी आहे, म्हणजे घर माझं.’ नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं होतं की नॉमिनी फक्त रक्कम स्वीकारतो (विम्यात जवळच्या नातेवाइकांपुरता हा नियम 2015 च्या दुरुस्तीने बदलला). शेअर्सबाबत 2023 मध्ये तेच सांगितलं. सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसारही सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, मालक नव्हे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या घरांतल्या आईची. पत्नीला किंवा मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, इतर खर्च वेगळा. स्वस्त म्हणून विधवा आया घर मुलाच्या नावे करून मोकळ्या होतात. मुलगा पुढे सांभाळेनासा झाला तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तात हवी. आमचा सल्ला ठाम असतो: हयात असेपर्यंत घर स्वतःच्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्रही चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही. नवरा मृत्युपत्र करत असेल तर पत्नीचा हयातभर राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहायला लावतो. ‘मुलं बघतील तिच्याकडे’ हे वाक्य आम्ही मसुद्यात ठेवत नाही.

मुंबईतल्या मृत्युपत्रांना वर्षानुवर्षं असलेली प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती संसदेने डिसेंबर 2025 मध्ये काढून टाकली. कुटुंबांचा वेळ आणि पैसा वाचेल, पण मृत्युपत्र शंकास्पद असेल तर वाद टळणार नाहीत, त्यामुळे साक्षीदार निवडताना आम्ही आता आणखी काटेकोर झालो आहोत.

घटस्फोटाची कामं आजही चालू आहेत. घटस्फोटामुळे जुनं मृत्युपत्र किंवा नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही, म्हणून संमतीच्या घटस्फोटात हुकूम हाती आला की त्याच आठवड्यात बँक, विमा, पीएफ आणि सोसायटीचे अर्ज पक्षकाराकडून भरून घेतो.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी या जुन्या सरकारी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या: 160 चौरस फुटांतून थेट 500 चौरस फुटांत, तेही मालकी हक्काने. अशा घरांतल्या लोकांसाठी आम्ही शनिवारची दुपार राखून ठेवली आहे. येताना नवरा-बायको दोघांनी या, आणि आई-वडील असतील तर त्यांनाही सोबत आणा.