सागरगोट्याची पालवी आणि इग्वाना

गेल्या हिवाळ्यात आई गुहागरहून आमच्याकडे फ्लोरिडाला आली होती, तेव्हा तिला घेऊन आम्ही दक्षिणेकडील बेटांच्या माळेतील बहिया होंडा या राज्य उद्यानात गेलो. वाळूच्या उंचवट्यावर एका काटेरी जाळीपाशी ती थबकली, खाली पडलेली करडी, गुळगुळीत बी तळहातावर घेऊन निरखत राहिली आणि म्हणाली, "अरे, हा तर सागरगोटा!" लहानपणी ओटीवर बसून तिने जे झेलले आणि पुढे सहाणेवर उगाळून आम्हा भावंडांच्या गुटीत घातले, तेच हे झुडूप. कोकणाप्रमाणे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरही ते मूळचेच आहे, कारण त्याच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरदूर जातात.

माझे लक्ष मात्र जाळीच्या वरच्या अंगाला होते. तेथे हातभर लांबीचा एक हिरवा इग्वाना फांदीला नखे रोवून बसला होता आणि शेंड्याची कोवळी पालवी सावकाश ओरबाडून खात होता. आईला ती घोरपड वाटली. घोरपड मांसाहारी असते. हा प्राणी मुख्यतः झाडपाल्यावर जगतो, आणि येथील दुखणे नेमके तेच आहे.

मायामी ब्लू नावाचे अंगठ्याच्या नखाएवढ्या पंखांचे निळे फुलपाखरू या उद्यानात सागरगोट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर अंडी घालत असे. एके काळी दक्षिण फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ते सर्रास दिसे. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर ते संपलेच असे मानले जात होते, पण 1999 मध्ये ते याच उद्यानात पुन्हा सापडले. त्यानंतर इग्वाना येथे वाढले. पालवीबरोबर तिच्यावरची अंडी आणि अळ्याही त्यांच्या पोटात जाऊ लागल्या. त्यातच 2010 च्या आरंभी कडाक्याची थंडी पडली आणि त्याच वर्षी हे फुलपाखरू येथून नाहीसे झाले. 2012 मध्ये केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिले, तोवर ते ‘की वेस्ट’ या बेटाच्या पश्चिमेकडील निर्जन बेटांवर तेवढे उरले होते. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधक आता ते प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा निसर्गात सोडत आहेत.

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. मायामीच्या परिसरात तो 1960 च्या दशकात प्रथम आढळला, आणि पाळीव प्राण्यांचा व्यापार हेच त्याच्या येण्याचे मुख्य कारण होय. दुकानातून आणलेले वीतभर पिल्लू पुढे दीड मीटरपर्यंत वाढते, पिंजऱ्यात मावेनासे होते आणि मग कोणीतरी त्याला कालव्याच्या काठी सोडून देतो. तो उत्तम पोहतो, त्यामुळे कालवे हे त्याचे रस्तेच ठरले आणि बागांतून तो खारफुटीत व वाळूच्या टेकड्यांवर पोहोचला. मादी जमिनीत लांब बीळ खणून एका वेळी कित्येक डझन अंडी घालते. त्या बिळांनी बांध आणि किनाऱ्याच्या भिंतीही पोखरल्या जातात. 2010 च्या थंडीत असंख्य इग्वाना मेले खरे, पण वाचलेल्यांनी काही वर्षांतच ती तूट भरून काढली.

2021 मध्ये फ्लोरिडाने इग्वाना पाळण्यावर आणि विकण्यावर कडक बंधने घातली, तीही इतक्या उशिरा की त्यांचा पूर्ण नायनाट आता कोणालाच शक्य वाटत नाही. पुण्यामुंबईत हौसेने इग्वाना पाळणाऱ्यांविषयी म्हणूनच मला काळजी वाटते. भारतात 2024 च्या नियमांनी अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे आणि ती प्रत्येकाने मनापासून करावी, कारण कोकणचा उबदार, दमट किनारा या प्राण्याला मुळीच परका वाटणार नाही. पाळणे झेपत नसेल तर तो प्राणी वन विभागाला कळवून त्यांच्याकडे सोपवावा, खाडीकाठी सोडू नये.

उद्यानातून काहीही नेता येत नाही हे सांगितल्यावर आईने ती बी पुन्हा जाळीखालच्या वाळूत ठेवली. मग आम्ही दोघांनी मिळून शेंडे पाहिले. खालच्या, काट्यांत दडलेल्या फांद्यांवर पालवी शाबूत होती. वरच्या फांद्यांवर नुसते देठ उरले होते.